गोधडी आणि इस्तरी

चाकणचा भुईकोट किल्ला फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० च्या भर पावसाळ्यांत शाएस्तेखानाच्या फौजेपुढें जवळजवळ दोन महिने लढविला, ही गोष्ट महाराष्ट्रांतील शाळकरी मुलासहि नव्यानें सांगावी लागत नाहीं. खंदक, मोर्चे, सुरुंग, उडालेला बुरूज, हें सारें लिहून ठेवण्यांत आलें आहे. परंतु त्या दोन महिन्यांच्या झडींत भिजलेल्या तटाखालीं जे लोक रात्री काढीत होते त्यांच्या अंगावर काय होतें, हें लिहिण्याजोगें कोणास वाटलें नाहीं. घोंगडी आणि वाकळ यांपलीकडे दुसरें काय असणार! पैकीं घोंगडीस निदान धनगराचा माग आणि आठवड्याचा बाजार होता. तिची खरेदी-विक्री होई, म्हणून हिशेबाच्या कागदांत तिला जागा मिळाली. वाकळ ही घरांत शिवलेली, घरांतच पांघरलेली आणि घरांतच विरून संपलेली वस्तु. तिला किंमत पडली नाहीं, म्हणून नोंदहि पडली नाहीं.

त्या वाकळेच्या सबंध इतिहासास हात घालण्याचा आमचा विचार नाहीं. तिच्या एका लहानशा अंगाविषयींच येथें लिहावयाचें आहे, आणि तें अंग म्हणजे शिवणीपूर्वीं कापड सपाट करून बसविण्याचें काम. इस्तरी हा शब्द गोधडीच्या शेजारीं ठेवला तर पुष्कळांस हंसूं येईल. चिंध्या जोडून केलेल्या वस्तूस कसली आली आहे इस्तरी, असा सर्वसाधारण समज आहे. आणि आमचाहि परवांपरवांपर्यंत तोच होता.

हा समज दूर होण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. चिंचवडास आमच्या घरीं एका मुलीनें हौसेनें गोधडी शिवावयास घेतली. आंत आजीचीं जुनीं लुगडीं घातलीं. वरचा व खालचा थर मात्र बाजारांतून आणलेल्या कोऱ्या सुती कापडाचा. कापड कडक इस्तरी करून घेतलें होतें, टाकेहि बारीक आणि सरळ पडले होते. पाहुणेमंडळींनीं तोंड भरून वाखाणणी केली. पुढें ती गोधडी पहिल्यानें धुतली, वाळली, आणि पाहतों तों सगळीभर चुण्या! एक कोपरा तर वाळल्या चिंचेसारखा आंत वळलेला. मुलगी रडकुंडीस आली. आजी जवळच बसल्या होत्या. त्यांनीं गोधडीवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "अगं, नव्या कापडाला आधी पाणी पाजायचं, मग निजवायचं. तू जागंच शिवलंस."

"इस्तरी केली होती की, आजी."

"केलीस, पण ओढून केलीस. ती दाबायची असते."

ज्या बाईनें जन्मांत गोधडीसाठीं इस्तरी हातीं धरली नाहीं, तिला इस्तरी कशी धरावी हें ठाऊक कसें? या एका प्रश्नाच्या मागें आम्ही लागलों, आणि मागें मागें जातां असें दिसून आलें कीं गोधडींत इस्तरी नव्हती हें खरें असलें, तरी इस्तरीचें काम मात्र पहिल्यापासून होतें.

जुनी गोधडी म्हणजे मुख्यत्वें जुनें लुगडें. नऊ वारी लुगड्याचे तीन-तीन वारांचे तीन तुकडे करावे. त्यांतील दोन कडेला कड लावून जोडले कीं एक थर होतो, आणि उरलेला तिसरा दुसऱ्या लुगड्याच्या तुकड्याशीं जातो. मध्यें धोतराचीं पानें, सदऱ्यांच्या पाठी, मुलांचीं झबलीं, जें निघेल तें. हें कापड अंगावर वापरून, दगडावर आपटून, उन्हांत वाळवून पुरतें मुरलेलें असे. त्यांतील गिरणीची खळ केव्हांच वाहून गेलेली, आटावयाचें तितकें तें आटून झालेलें, आणि सूत इतकें मऊ पडलेलें कीं भुईवर पसरलें म्हणजे भुईचाच सपाटपणा घ्यावें. म्हणजे शिवणाऱ्या बाईच्या हातीं येण्यापूर्वींच दोनतीन वर्षांच्या संसारानें त्या कापडाची निम्मी इस्तरी करून ठेविलेली असे. कोऱ्या कापडाची गोधडी घालूं नये असें जुन्या बायका म्हणत, त्यांत काटकसर होती, मायेचा भाग होता, पण कापडाची ही ओळखहि होती.

उरलेली निम्मी इस्तरी हातानें व्हावयाची. सुगी आटोपून उन्हाळा लागला, म्हणजे दुपारच्या वेळीं सारवलेल्या पडवींत थर अंथरले जात. पहिला थर पसरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेला तांब्या, जें जड हातास लागेल तें ठेवीत. मग एक बाई गुडघ्यांवर बसून मधल्या भागापासून कडेकडे तळहातानें कापड निपटीत नेई. कडेकडून मध्यें कधीं नाहीं. तसें केलें तर फुगवटा मध्यें सांपडतो आणि तो कायमचा शिवला जातो. सुरकुती हट्टी असली तर पाण्याचा हात मारून तेथें घडीभर वजन ठेवीत. एक थर निजला म्हणजे दुसरा. सर्व थर चढल्यावर कच्चे टाके घालावयाचे, आणि नंतर खरा धावदोरा. शिवण्यास महिना लागो कीं दोन महिने, हें अंथरणें मात्र एकाच बैठकीचें काम, आणि त्यास घरांतील सर्वांत अनुभवी बाई लागे. सून शिवी, सासू अंथरी, अशी वांटणी आम्हीं स्वतः पाहिली आहे.

फारच चुरगळलेलें लुगडें असलें तर आदल्या रात्रीं तें ओलसर असतांनाच घडी करून घडवंचीवरच्या वळकटीखालीं दडपून ठेवीत. सकाळीं तें परिटाकडून आल्यासारखें निघे. याहून लवकर हवें असल्यास पितळेच्या तांब्यांत चुलींतले निखारे घालून त्याचें बूड कापडावरून फिरवावयाचें. टोपी आणि सदरा यांसाठीं हा उपाय पुरुषमंडळींनाहि ठाऊक होता. ठिगळाची कड आंत मुडपण्यास तर याचीहि जरूरी नसे. अंगठ्याचें नख कडेवरून दाबून ओढलें कीं घडी बसली! आजहि हातानें ठिगळकाम करणाऱ्या बायका सुईपूर्वीं नखच चालवितात. उत्तर कानडा जिल्ह्यांत यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील सिद्दी बायका 'कवंदी' नांवाची गोधडी शिवतात. ती कडेपासून सुरू होऊन आंत आंत वळत मध्यभागीं संपते, आणि तिच्या प्रत्येक तुकड्याची कड बोटांनींच मुडपून टाक्याखालीं घेतली जाते. इस्तरीचा तेथेंहि संबंध नाहीं. पण कवंदीची कड पाहिली तर ती पट्टीनें आंखल्यासारखी दिसते.

आतां खुद्द इस्तरीकडे वळूं. हा शब्द आपला वाटतो, परंतु त्याची व्युत्पत्ति पोर्तुगीज भाषेंतील 'एस्तिरार', म्हणजे ताणणें, या धातूकडे नेतात. तसें असेल तर गमतीची गोष्ट अशी कीं, आजीनें जी चूक दाखविली ती या शब्दाच्या पोटांतच बसलेली आहे! पोर्तुगिजांपूर्वीं कापडास तकाकी आणि सपाटी आणण्याची रीत आपल्याकडे नव्हती असें मात्र नाहीं. ओलसर, खळ दिलेलें कापड घडी करून लांकडी मोगरीनें ठोकणें यास 'कुंदी' म्हणत, आणि तो धंदा करणारा तो कुंदीगर. कुंदीगर गेला, मोगरी गेली. एखाद्याची 'चांगली कुंदी काढली' असें म्हणतांना आपण त्याचें स्मरण ठेवितों इतकेंच.

गांवगाड्यांत कापडाचा मुख्य कारागीर परीट. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' या १९१५ सालच्या ग्रंथांत त्याची गणना बलुतेदारांत केलेली आढळते. मळकें कापड खाराच्या पाण्यांत भिजवून भट्टीवर वाफविणें, नदीवर आपटणें, खळ-नीळ देणें, आणि शेवटीं कोळशाच्या जड इस्तरीखालीं घडी बसविणें, ही त्याची विद्या. ओलावा, उष्णता आणि वजन या तिहींचा मेळ त्याला बिनपुस्तकी ठाऊक होता. त्या घडीचा दरारा मराठी भाषेवर केवढा आहे पाहा! नीटनेटक्या माणसाचे कपडे परीटघडीचे. नवें वस्त्र प्रथम नेसणें म्हणजे त्याची घडी मोडणें. संसार मार्गीं लागला कीं संसाराची घडी बसली, बिघडला कीं ती विस्कटली. कापड दाबून ठेवण्याच्या एका क्रियेनें आपल्या भाषेस इतकें दिलें असतां, त्या क्रियेचा इतिहास कोणीं लिहूं नये हें नवल आहे.

येथें गाडगे महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांत परिटाच्या घरीं जन्मलेला हा पुरुष अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन हिंडला, आणि लोकांनीं त्यांस 'गोधडे महाराज' हेंच नांव दिलें. चाकणपासून फार दूर नसलेल्या आळंदीस त्यांनीं यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधविली. ज्या कुळाचा धंदा परीटघडीचा, त्या कुळांतील माणसानें ठिगळांचें वस्त्र पत्करावें, यांतील अर्थ ज्याचा त्यानें घ्यावा. असो.

कोळशाची इस्तरी परिटाच्या घरची; ती गोधडीपर्यंत पोंचण्याचें कारणच नव्हतें. पोंचण्याचें कारण निर्माण झालें तें कोऱ्या कापडामुळें. मुंबईस कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापसाच्या गिरणीची कंपनी काढली, आणि १४ जून १८५८ रोजीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली. चिंचवड हें त्या वाटेवरचें ठाणें. गिरणीचें स्वस्त कापड मावळांत आणि खेड तालुक्यांत हळूहळू पसरत गेलें तसें गोधडीचा वरचा थर कोरा घालण्याची ऐपत आणि हौस दोन्ही वाढलीं. आमच्या मुलीच्या गोधडीची जी गत झाली तिची सुरुवात येथें आहे.

त्याचें कारण असें. मागावर ताणा तुटूं नये म्हणून गिरणींत सुतास खळ देतात व तें ओढून ताणून विणतात. पहिलें पाणी लागलें कीं खळ सुटते आणि ताणलेलें सूत पुन्हां आपल्या जागीं येतें. यालाच आपण कापड आटणें म्हणतों. साधें सुती कापड शंभरास तीन ते पांच इतकें आटतें, सैल विणीचें याहूनहि अधिक. शंभरास चार हा हिशेब धरला तरी तीन वारांच्या लांबींत चार इंचांहून जास्त गेलें! आंतील जुन्या लुगड्यास आटावयाचें कांहीं उरलेलेंच नसतें. वरचा थर चार इंच मागें सरणार, आंतला जागचा हलणार नाहीं, आणि दोघांस टाक्यांनीं एकत्र बांधलेलें. मग चुण्या पडतील नाहीं तर काय होईल? १९३० च्या सुमारास अमेरिकेंत सॅन्फर्ड क्लूएट यानें गिरणींतच कापड आधीं आटवून घेण्याचें यंत्र काढलें तें याच दुखण्यावर. आजींचा 'पाणी पाजण्याचा' उपाय तोच, यंत्रावांचून.

इस्तरीनें हें आटणें टळत नाहीं. उलट कोऱ्या कापडावर गरम इस्तरी जोरानें सरकवीत नेली तर तें अधिकच ताणलें जातें, विशेषतः तिरकस अंगानें. कापड उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेनें फारसें ताणत नाहीं. कोनाकोनांत धरून ओढलें तर रबरासारखें वाढतें. इस्तरी तिरकी फिरविली म्हणजे चौकोनाचा शंकरपाळा होतो. तो मेजावर सपाट दिसतो, म्हणून फसवितो. यासाठींच दाबणें आणि ओढणें यांत भेद करावा लागतो. इस्तरी उचलावी, ठेवावी, वजन पडूं द्यावें, पुन्हां उचलून शेजारीं ठेवावी. सदरा ओढून इस्तरी केला तरी चालतो, कारण तो कोणाशीं जुळवावयाचा नसतो. गोधडीचा तुकडा दुसऱ्या तुकड्याशीं जुळला पाहिजे.

ओलाव्याचें महत्त्वहि येथेंच आहे. कापसाचा तंतु सेल्युलोज या द्रव्याचा बनलेला असून त्याच्या साखळ्या एकमेकींस हायड्रोजनच्या नाजूक बंधांनीं धरून असतात. पाणी आंत शिरलें म्हणजे हे बंध सुटतात, तंतु मऊ होतो. पाणी उडून जातांना बंध पुन्हां जुळतात, आणि त्या क्षणीं तंतु ज्या आकारांत दाबलेला असेल तो आकार धरून राहतो. म्हणून कडक वाळलेल्या सुती कापडावर कितीहि इस्तरी घांसली तरी सुरकुती पुरती जात नाहीं, आणि दमट कापड नुसतें वळकटीखालीं ठेवलें तरी सकाळीं सपाट निघतें. घडवंचीवरच्या त्या उपायाचें शास्त्र एवढेंच.

पुढील इतिहास लौकर सांगून होण्यासारखा आहे, कारण तो सर्वांच्या डोळ्यांपुढें घडला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीस पडली. 'पिंपरी कॅम्प' हें नांव अद्यापि चालतें. तेथें पुढें कापडाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. ज्या सिंध प्रांतांतून हे लोक आले तेथेंहि जुन्या कापडाची गोधडी आहेच. तिला रल्ली म्हणतात. चौकोन, त्रिकोण, कातरलेलीं नक्षीचीं ठिगळें, भडक रंग, आणि भुईवर चटई टाकून तीवर बसलेल्या बायका, असा तिचा थाट असतो. वाकळ आणि रल्ली या एकमेकींच्या मावसबहिणी शोभतील.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पवनेच्या कांठचीं शेतें भराभर कारखान्यांखालीं गेलीं. १९७० मध्यें नगरपालिका, १९८२ मध्यें महानगरपालिका. कारखान्यांची रांग पुढें चाकणला पोंचली. बजाजचा कारखाना तेथें १९९९ सालीं आणि फोक्सवागेनचा २००९ सालीं सुरू झाला. कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें चाकण मोटारींचें गांव झालें. या सर्वांत गोधडीचें काय झालें? लुगडें गेलें. सुनांनीं पांचवारी घेतली, नातींनीं पंजाबी पोशाख. आणि १९६० नंतर नायलॉन व टेरिलीन घरोघर शिरलें. पडवी गेली, सारवलेली भुई गेली, चाळींतल्या दहा फुटी खोलींत थर अंथरण्यास जागा उरली नाहीं. नदीहि गेली म्हणावयाचें. ज्या इंद्रायणींत वाकळा धुतल्या जात तिच्यावर आळंदीस रसायनांचा फेंस तरंगतो, त्याचीं चित्रें अलीकडे वर्तमानपत्रांत वरचेवर येतात.

कृत्रिम धाग्यानें तर इस्तरीचा सगळा हिशेबच बदलला. कपड्यांच्या आंतील चिठ्ठीवर हल्लीं इस्तरीचें चित्र व त्यांत ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे सुमारें ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती कापडास तीन ठिपके मानवतात. नायलॉन त्या उष्णतेस टिकत नाहीं. आमच्याहि घरीं एका सुंदर किनारीचा तुकडा गोधडीसाठीं इस्तरी करतांना क्षणार्धांत आकसून इस्तरीच्या बुडास चिकटला. किनार गेली, आणि वर करपलेला डाग घांसून काढण्यांत दुपार गेली. सुती कोणतें व मिश्र कोणतें हें नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं. जुन्या बायका एक धागा काढून दिव्यावर धरीत. कागदासारखा जळून मऊ राख पडली तर सूत. वितळून टोंकाशीं टणक मणी झाला तर कृत्रिम. ही परीक्षा अजूनहि उत्तम आहे, आणि एका गोधडींत दोन्ही घालावयाचीं असतील तर इस्तरीची उष्णता नाजूक कापडाच्या मानानें ठेवावी हेंच बरें.

आतां गोधडी पुन्हां दिसूं लागली आहे, परंतु वेगळ्या रूपानें. ती विकत मिळते, भेट म्हणून देतात, परदेशांतील नातवंडांस पाठवितात. शिंप्याकडचीं कात्रणें आणि कोरें सुती कापड हा तिचा कच्चा माल, आणि तुकडा तुकड्यास जोडून नक्षी साधणें ही तिची रीत. या रीतींत इस्तरीवांचून चालत नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. एका ओळींत बारा तुकडे धरा. त्यांस अकरा शिवणी आल्या. प्रत्येक शिवण नीट उलगडून न दाबल्यामुळें घडींत एक सूतभर कापड गिळलें गेलें, तर ओळ जवळजवळ दीड इंचानें आंखूड होते. शेजारच्या ओळींत हाच दोष नसेल तर दोन्ही ओळी जुळणार कशा? पाश्चात्य देशांतील गोधडी शिवणाऱ्या बायका प्रत्येक शिवण घातल्याबरोबर दाबतात. प्रथम शिवण आहे तशीच, मिटलेल्या स्थितींत, म्हणजे दोरा कापडांत बसतो. मग उलगडून दोन्ही कडा एका बाजूस, शक्यतो गडद रंगाच्या तुकड्याकडे, म्हणजे फिक्या कापडांतून सांवली दिसत नाहीं. शेजारच्या ओळींत कडा उलट बाजूस वळविल्या कीं चौकांत चार जाडी एकावर एक चढत नाहींत. हें आपल्याकडच्या बायकांनीं अवश्य उचलावें. यांत परकें कांहीं नाहीं. नखानें जें होत होतें तेंच लोखंडानें करावयाचें.

परंतु याच्या पुढें एक पाऊल पडूं लागलें आहे, आणि तें आम्हांस मान्य नाहीं. तयार गोधडीवर, शिवून झाल्यावर, वरून भरपूर वाफेची इस्तरी फिरवून ती पत्र्यासारखी चापट करून पेटींत भरण्याची चाल पडते आहे. गिऱ्हाईकास सुरकुती खपत नाहीं, असें कारण सांगतात. गोधडीची ऊब थरांच्या मध्यें अडकलेल्या हवेंत असते. धावदोऱ्यानें प्रत्येक टाक्याच्या बाजूस कापड किंचित् उचललें जातें, त्या बारीक उंचवट्यांत ती हवा राहते. आणि हे उंचवटे म्हणजे सुरकुत्या नव्हेत. न निजविलेल्या कापडाची चुणी हा दोष आहे, टाक्याचा उंचवटा हा गुण आहे. दोहोंस एकच नांव देऊन दोहोंवर एकच लोखंड फिरविणें हें अज्ञान होय. आंत कृत्रिम कापूस भरलेला असला तर वाफेखालीं तो बसतो आणि पुन्हां उठत नाहीं. इस्तरीचा काळ शिवणीपूर्वींचा; शिवणीनंतर फार तर उलट बाजूनें, हलक्या हातानें, कडेपुरती.

या चालीमागें आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि ती अधिक खटकणारी आहे. शिवणाऱ्या बाईची मजुरी आमच्या पाहण्यांत बहुधा गोधडीच्या मापावर ठरते, फार झालें तर टाक्यांच्या दाटीवर. कापड भिजत घालणें, दमट असतांना दाबणें, थर निजविणें यांत एकदोन दिवस सहज जातात. त्यांचा पैसा तिला मिळत नाहीं, कारण तें काम तयार मालांत दिसत नाहीं. मग ती तें काम टाकते. टाकलें कीं चुण्या पडतात, चुण्या पडल्या कीं व्यापारी वरून इस्तरी मारतो, आणि पहिल्या धुण्यांत सगळें उघडें पडतें. गिऱ्हाईक म्हणतें, हातची गोधडी अशीच असावयाची! ज्या सासवा पूर्वीं पडवींत गुडघ्यांवर बसून थर निपटीत होत्या त्यांचे श्रम कधीं मोजले गेले नाहींत, तें एक वेळ घरचें म्हणून सोडून देऊं. आज तोच हिशेब बाजारांत चालूं राहिला तर हें काम येणाऱ्या बायका ती विद्या मुलींना शिकवितील कशाला? गोधडी घेणाऱ्यानें टाके मोजण्यापूर्वीं शिवणारीस एवढें विचारावें, कीं कापड आधीं धुतलें होतें काय आणि थर कोणीं अंथरले. आणि त्या दिवसांचे पैसे वेगळे द्यावे.

आमच्या घरच्या मुलीनें ती चुण्यांची गोधडी उसवली नाहीं. ती तशीच वापरांत आहे. दुसरी घातली तेव्हां कोरें कापड रात्रभर घंगाळांत भिजत ठेवलें, दोनदां पाणी बदललें, सावलींत अर्धवट वाळवून दमट असतांनाच विजेच्या इस्तरीनें दाबून घेतलें. दिवाणखान्यांतील मेज-खुर्च्या बाहेर काढून फरशीवर थर पसरले. पाटा-वरवंटा घरांत राहिलेला नाहीं, म्हणून कोपऱ्यांवर शब्दकोशाचे चार खंड ठेवले. आजींना आतां गुडघ्यांवर बसवत नाहीं, त्या सोफ्यावरून काठीनें दाखवीत होत्या, "तिकडे फुगलंय. मधून कडेला ने."

ही गोधडी गेल्या महिन्यांत पहिल्यानें धुतली. एका कोपऱ्यापाशीं थोडी चुणी आली आहे. तेथें शब्दकोशाचा खंड सरकला होता, असें मुलीचें म्हणणें. आजींचें म्हणणें, हात कडेकडून मध्यें फिरला.